भागाबाईची फांदी

तुडुम उघडे असले की आमच्या घरात हळू बोललेले कुणालाच ऐकू येत नसे. घर तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी होते. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचा जो दगडी दरवाजा असतो, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तो आमच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होता. त्याची लाकडी बुचे काढली की पाणी त्या दगडी घशातून घुमत बाहेर पडे आणि पाटाला लागे. तो आवाज भिंतीत शिरे, जमिनीत शिरे, चुलीजवळ पालथ्या घातलेल्या जर्मनच्या गंज-पातेल्यांत शिरे. माय भाकर थापताना ओठ हलवी आणि मी अंदाजाने मीठ नाहीतर पाणी पुढे करी. पाण्याचा हा आवाज लोकांना गोड वाटतो असे मी पुढे पुष्कळांकडून ऐकले. मला तो कडी लावल्यासारखा वाटत आला आहे. आजही स्वयंपाकघरातला नळ कुणी मोठा सोडला की मी नकळत दाराकडे बघते, दार उघडे आहे ना म्हणून.

बा पाणकर होता. गावाच्या तलावाचे पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी आणि किती वेळ जाईल हे पाणकर ठरवतो. बाचा बाप पाणकर, त्याचा बाप पाणकर. आम्ही कोहळी, पिढीजात तलाव बांधणारे. हा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला असे घरात सांगत, आणि घरातली म्हातारी माणसे तर तो काल-परवाच बांधल्यासारखे सांगत. कोणता दगड कुठून आणला, पाळ मध्येच वाकडी का घेतली, कोणत्या झाडाच्या मुळ्या तोडायच्या नाहीत, सगळे तोंडपाठ. चोरखमारा किंवा नवेगाव बांधच्या पाण्यासमोर आमचा तलाव म्हणजे ताटासमोर वाटी. पण त्या वाटीवर साऱ्या गावाचे धान पिकत होते आणि ती वाटी बाच्या हातात होती. त्यामुळे घरात खायला कधी कमी-जास्त झाले तरी मान कमी झाला नाही. वाटेने जाणारा माणूस दारात थांबून "काय गा पाणकर, जमलं का?" असे विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

या मानाला एक कुंपण होते, ते आता सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्याशीच बांधलेले आहे. पाऊस दडी मारून बसला आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, अडली की सगळे शेतकरी पाळीवर जमत आणि तुडुम उघडायचे ठरे. पाणी वरून खाली जाई. पाटाच्या तोंडाशी ज्याची बांधी, तो पहिला. पाटाच्या टोकाला ज्याची बांधी, तो शेवटचा. शेवटच्या माणसाने आपली बांधी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, भरली की धुऱ्यावर एक हिरवी फांदी रोवायची. पाणकराच्या घरच्या माणसाने तिथवर जाऊन त्या फांदीचे एक पान तोडून तुडुमावर आणायचे. ते पान हातात पडल्यावरच पाणकराने स्वतःच्या बांधीला पाणी घ्यायचे, आणि मग बुचे लावायची. पहिली बांधी ते ते पान, यात आठ-दहा दिवस जात. तेवढे दिवस पाणकराच्या घरच्या कुणीही गावाबाहेर रात्र काढायची नाही. लग्न असो, मयत असो. मायच्या सख्ख्या भावाची हळद पाट वाहत असताना लागली होती, माय गेली नाही. "माही नुसती पाठवणी झाली नवती, पाण्यासंगं मले बांधलं होतं," असे ती म्हणायची. हसत म्हणायची, पण दरवर्षी म्हणायची.

आमच्या पाटाच्या टोकाला भागाबाई होती. मी तिला आजी म्हणत असे, नाते काही नव्हते. नवरा कधीच गेलेला, एक मुलगा नागपूरकडे विटांच्या कामावर, आणि हिच्या दोन लहान बांध्या पार शेवटी, जिथे पाट पाट राहत नाही, नुसती ओल होते. तिची जीभ मोठी धारदार होती. बा तिला भीत असे. "पाणकरा, माझ्या बांधीत पाणी येते का तुझ्या घरचा घाम येते?" असे ती भर पाळीवर विचारी, आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. मला मात्र ती धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या द्यायची. धोप्याचे एवढाले पान, त्याला लाखोळीच्या डाळीचे आंबट-तिखट वाटण फासून, गुंडाळून, वाफवून, वर तळून. तिच्या हातच्या वड्यांना घसा खवखवत नसे. मायच्या वड्यांना खवखवे, हे मी मायला कधी सांगितले नाही.

त्या वर्षी मी बारावी झाले होते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे मी रोज सायकलने तालुक्याच्या गावी जात होते, आणि पावसाळ्यात अर्धी वाट सायकल मला घेऊन जाई, अर्धी वाट मी सायकलला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचा निकाल पाहिलेला नव्हता. तालुक्याच्या शाळेतले माझे गुरुजी स्वतः गोंदियाला जाऊन कॉलेजचा फॉर्म घेऊन आले होते, त्यांनीच तो भरला. मुलींच्या हॉस्टेलात थोड्या जागा होत्या. त्या जागा एका ठरलेल्या दिवशी देणार होते, आणि मुलगी कागदपत्रांसह स्वतः समोर असेल तरच. मुलाखत दुपारी, यादी दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे एक रात्र गोंदियात. हॉस्टेल मिळाले नाही तर कॉलेज नाही, कारण गावाहून गोंदियाला रोज जाणे-येणे होण्यासारखे नव्हते. आणि कॉलेज नाही तर काय, ते मायने बोलून ठेवले होते. देवरीकडचे एक स्थळ होते, मुलगा बरा होता, दिवाळीनंतर बघायला येणार होते.

पाऊस पडला नाही. मृगात दोन सरी आल्या, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकून झाले, पऱ्हे वीतभर वाढले, आणि आभाळ पांढरेफटक झाले. तुडुम उघडायचे ठरले. त्याच आठवड्यात बाच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय पिकला. तो हळदीची पट्टी बांधून पाळीवर तुडुमाजवळ बसून राही, आणि पाटाच्या फेऱ्या मी मारी. कुणाचा धुरा फुटला, कुणी दगड लावून पाणी जास्त ओढले, कुठे खेकड्याने बीळ केले, ते बघून यायचे आणि बाला सांगायचे. मला ते काम येत होते. लहानपणापासून त्याच्यामागे फिरून आले होते. आणि येत होते म्हणूनच मी अडकले होते, कारण घरात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हते.

गुरुजी सायकलवर आले, ते मला स्पष्ट आठवते. पायजम्याला क्लिप लावलेली, कपाळावरचा घाम रुमालाने टिपत ते पाळीवर चढले. त्यांनी बासमोर उकिडवे बसून समजावले.

"महादेव, एका रात्रीचा प्रश्न आहे. पोरगी हुशार आहे. पुन्हा अशी संधी यायची नाही."

"गुर्जी," बा म्हणाला, "इस्कूलीची घंटा तुमी पोरायच्या मर्जीनं वाजवता का?"

"ते वेगळं."

"कायले वेगळं? मी आज माझ्या पोरीसाठी मोडलं, त उद्या पाटील आपल्या जावयासाठी मोडन. मंग पाणी कोणाच्या बापाचं आयकते?"

गुरुजी उठले. जाताना मला म्हणाले, "बुधवारपर्यंत पान आलं तर गुरुवारी सकाळच्या मोटरनं निघ. मी प्रार्थना करतो." ते खरेच प्रार्थना करणारे होते. त्यांचे माझ्यावर किती उपकार आहेत ते या पुस्तिकेत दुसरीकडे लिहिले आहे. इथे एवढेच, की त्यांनी पान म्हटले आणि मी त्या क्षणापासून पानाशिवाय कशाचाही विचार केला नाही.

सोमवारी पाणी अर्ध्यावर होते. मंगळवारी वरच्या अंगाला एक धुरा फुटला आणि अर्धा दिवस गेला. मी रात्री अंथरुणावर पडून बोटांवर बांध्या मोजत होते. खाली जमीन थरथरत होती, तुडुम घुमत होते, आणि मला वाटत होते की हे पाणी माझ्या छातीवरून चालले आहे. माय शेजारी जागी होती. ती म्हणाली, "झोप. पाण्याले हाकलून येत नाई." त्यानंतर किती वेळाने ती म्हणाली ते माहीत नाही, "मीबी मोजत होती, भावाच्या हळदीच्या टायमाले."

बुधवारी दुपारी मी शेवटच्या फेरीला गेले. ऊन असे होते की पाटाच्या कडेची माती पायाला चटके देत होती. पाण्याचे टोक भागाबाईच्या बांधीपासून अजून चार बांध्या वर होते. टोक म्हणजे काय, एक मळकट जीभ. तिच्यापुढे कोरडी पाने आणि मुंग्या वाहत येतात आणि ती दर ढेकळाशी थबकते. मी तिच्या बाजूने उभी राहून बराच वेळ बघत राहिले. हिशोब सोपा होता. उद्या संध्याकाळ. नाहीतर परवा.

वाटेत भागाबाई भेटली, घराकडे निघालेली.

"आलं का वो पोरी पाणी?"

"येऊन राहिलं आजी."

"ये म्हना त्याले लवकर. माझे पऱ्हे म्हनून राहिले, आमी म्हातारे झालो, आता आमाले कोण रोवते." ती थांबली, माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "तू कालेजात जाऊन मडम होशीन म्हनतेत. मंग आमच्या चिखलात पाय ठेवशीन का?"

"पयले जाऊ त द्या."

"जाशीन, जाशीन. मी पेज प्याले जातो, आता सकाळीच येतो," असे म्हणून ती गेली. आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो' असेच बोलतात. गोंदियात पहिल्या आठवड्यात मुली मला यावरून हसल्या होत्या.

तिच्या बांधीवर कुणी नव्हते. पऱ्ह्यांचा एक कोपरा पिवळा पडू लागलेला, बाकी जमीन फुटाण्यासारखी तडकलेली. धुऱ्यावर तिने करंजीची फांदी तोडून आणून ठेवली होती, बुडखा पाण्याच्या लोट्यात. दरवर्षी ती अशी आधीच तयारी करून बसे. मी ती उचलली. हे मी फार विचार करून केले असे लिहिले तर खोटे होईल, आणि नकळत झाले असे लिहिले तर त्याहून खोटे. मी इकडे-तिकडे पाहिले. वरच्या बांध्यांत रोवणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या होत्या, एकीचेही डोके वर नव्हते. त्यांचे गाणे तुकड्यातुकड्याने येत होते. मी लोट्यातले पाणी धुऱ्यावर ओतले, माती मऊ झाली, तिथे फांदी खोचली, दोन्ही हातांनी माती दाबली. मग एक पान तोडले आणि चालू लागले. धावले नाही. धावले तर कुणी विचारेल, असे वाटले होते.

बा तुडुमाजवळ दगडावर पाय लांब करून बसला होता. मी पान पुढे केले. त्याने ते घेतले, उलटे केले, सुलटे केले. मग माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या पायांकडे पाहिले.

"भरली?"

"भरली."

"धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत?"

"हो."

तो बराच वेळ पायांकडेच बघत होता. मग म्हणाला, "पाय धुऊन घे. सकाळी मोटर हाय."

त्याने शेजारच्या काकाला हाक मारली आणि दोघांनी मिळून बुचे लावली. मी विचारले, "बा, आपल्या बांधीले?" तो म्हणाला, "पाणी लय खाली गेलं. आपली पावसानं भरन." मला तेव्हा वाटले, बरे झाले, आपल्या बांधीचे कामही वाचले. सतरा वर्षांच्या माणसाला स्वतःच्या सुटकेपलीकडे फार दिसत नाही.

त्या रात्री घर इतके शांत होते की मायला झोप आली नाही. सकाळी तिने लाखोळीचे वडे फडक्यात बांधून दिले. मी मोटरीत बसले, खिडकीशी जागा मिळाली, आणि गाव मागे पडले तरी मोकळे वाटेना. गोंदियात मुलाखत झाली, दुसऱ्या दिवशी यादीत माझे नाव होते. खोलीत चार खाटा, एक खिडकी, खिडकीला जाळी. बाहेर सगळे हिंदी बोलत होते. मी खाटेवर बसले आणि फडक्यातले वडे तसेच आंबू दिले.

पोळ्याला मी पहिल्यांदा घरी आले. स्टँडवर उतरले तर एक बाई दुसरीच मोटर आपली समजून बोचके घेऊन धावत होती. मोटर वळून दुसरीकडे गेली. पानठेल्यावरचा माणूस ओरडला, "काय वो बाई, भागाबाईची फांदी लावली का?" सगळे हसले. ती बाईही हसली. मी पानठेल्याला टेकून उभी राहिले.

घरी मायने सांगितले, भाजी निवडता निवडता, जसे इतर काही सांगावे तसे. मी गेले त्या सकाळी कुणीतरी पाहिले, भागाबाईच्या कोरड्या बांधीवर फांदी उभी. गाव जमले. पाटलाने विचारले, फांदी कुणी रोवली? बा लंगडत तिथवर गेला होता. तो काही बोलणार, तेवढ्यात भागाबाई म्हणाली, मीच रोवली. वरच्या बांधीतली पाण्याची चमक मले माझ्या बांधीतली वाटली, डोळे फुटले माझे, पोरगी माझ्या शब्दावर पान घेऊन गेली. लोक आधी चिडले, मग हसले. पाटील म्हणाला, म्हातारीला घाई झाली. एकदा लावलेली बुचे पुन्हा काढायला सगळ्यांचा होकार लागतो, आणि ज्यांच्या बांध्या भरल्या होत्या त्यांनी तलावातल्या उरलेल्या पाण्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. पाऊस आला तो पंधरा दिवसांनी. तोवर भागाबाईचे पऱ्हे जून झाले होते. तिने ते रोवले, पण जून पऱ्ह्याचे धान कसे येते ते आमच्याकडे पोरालाही माहीत असते.

मी तशीच तिच्या घरी गेले. ती दारात उजेडाला बसून गोधडीला टाके घालत होती. मी समोर उभी राहिले. तिने दोरा तोंडात ओला केला, सुई समोर धरली, एका झटक्यात ओवला.

"बस," ती म्हणाली. "बारीक झाली. पोटभर देत नाई का वो तिथं?"

"आजी, मी सांगतो सगळ्यायले."

"काय सांगतं?"

"फांदीचं."

"कायले?" तिने टाका ओढला. "सांगशीन त तुझ्या बाले उद्या कोण पाणकर म्हनन? पाणकराच्या पोरीनंच खोटं पान आणलं, म्हनतीन. त्याच्या सात पिढ्या धुवून काढतीन. मी त एकली मानूस. मले हासतीन. हासून हासून थकतीन."

"आणि तुमचं धान?"

"धान पुढल्या सालीबी येते." ती थोडा वेळ शिवत राहिली. आवाज बदलला, पाळीवरचा झाला. "आयक. मी तुह्यावर उपकार नाई केले. राग आला होता मले, लय आला होता. तुहे झिपरे धरून पाटात बुडवाव वाटलं. पण तू गेली होती मोटरीत. आता तिथून अर्ध्यातून वापस आली, त माझी फांदीबी गेली अन् धानबी गेलं. समजलं का? जाय आता. वड्या हायेत डब्यात, घेऊन जाय."

मी त्या वड्या घेतल्या. न घेण्याची हिंमत झाली नाही. पुढची सगळी वर्षे मी अशीच काढली. बी.ए. झाले, बी.एड. झाले, शिक्षिका झाले, मुलांना शिकवले, आणि माझ्या शिक्षणाचे कौतुक झाले की दरवेळी घशात काहीतरी खवखवे. अभ्यासात मन लागत नसे तेव्हाही मी वह्या मिटल्या नाहीत, कारण त्या वह्या माझ्या एकटीच्या नव्हत्या. कॉलेज मला सुटका वाटले होते. ते मी कुणाच्या तरी बांधीतून ओढलेल्या पाण्यावर चालले होते आणि ते मला पुरे करावेच लागणार होते.

भागाबाईचा एक अंदाज चुकला. लोक हसून थकले नाहीत. कुणी ताटे वाढायच्या आधी हात धुऊन बसला, भागाबाईची फांदी. निकालाआधी कुणी पेढे आणले, भागाबाईची फांदी. ती स्वतःही कधी कधी म्हणे, आणि तेव्हा लोक जास्त हसत. पुढच्या वर्षी तुडुम उघडले तेव्हा बाने सर्वांसमोर सांगितले की आता पाणी पयले टोकाला नेऊ आणि मग वर येऊ. पाटील म्हणाला, "बरोबर हाय, भागाबाईले घाई असते, तिले देऊन टाका." पाळीवर हशा पिकला. बा हसला नाही. तो जिवंत होता तोवर पाणी पहिल्यांदा भागाबाईच्या बांधीत गेले, आणि शेवटची फांदी पाटाच्या तोंडाशी असलेल्या पाटलाच्या धुऱ्यावर लागत राहिली.

बा गेल्यानंतर काही वर्षांनी माय माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी तांदूळ निवडताना ती म्हणाली, "त्या साली आपली बांधीबी कोरडीच राहिली. तुह्या बानं पाणी घेतलंच नाई. मी म्हनलं, पान त आलं, घेत काऊन नाई? त म्हने, पोरीचे पाय धुळीनं भरले होते." ती तांदूळ पाखडू लागली. मी सूप तिच्या हातातून काढून घेतले आणि बाजूला ठेवले, कारण मला तो आवाज सहन होत नव्हता. भरलेल्या बांधीवरून परत येणाऱ्याचे पाय पोटरीपर्यंत चिखलाचे असतात. हे मला माहीत होते. सगळ्यांना माहीत असते. मी खोटे बोलताना फक्त तोंडाची काळजी घेतली होती.

म्हणजे बाने जाणून बुचे लावली. पाटलाच्या जावयासाठी जे मोडणार नव्हता, ते त्याने मोडले. मग स्वतःची बांधी कोरडी ठेवली. मग गावासमोर एका म्हातारीला हसू दिले आणि खाली मान घालून उभा राहिला. तो सुखाने गेला की नाही हे मला कुणी सांगू शकत नाही. भागाबाई गेली तेव्हा मी परीक्षेच्या कामावर होते. निरोप मिळाला तोवर सगळे आटोपले होते. त्यानंतर सांगायला माणूसच उरले नाही. निदान मी स्वतःला तसे सांगत आले.

यंदा गावातल्या मुलांनी गावाच्या आठवणींची एक पुस्तिका काढायचे ठरवले. तलाव, शाळा, मंडईची जत्रा, दंडारीचे खेळ, जुनी माणसे, जुने किस्से. मलाही काही लिहून मागितले. लेख गोळा करायचे काम रंजनाकडे होते. रंजना भागाबाईची नात, नागपूरकडे गेलेल्या मुलाची मुलगी. लग्न होऊन पुन्हा याच गावात आली आणि अंगणवाडी सांभाळते. आम्ही पाळीवर बसलो होतो. वर बिरसीच्या विमानतळावरचे शिकाऊ विमान पुन्हा पुन्हा तेच रिंगण घेत होते. तिने मला तयार झालेला मजकूर वाचून दाखवला. 'गमतीजमती' या मथळ्याखाली तिच्या आजीचा किस्सा होता, आणि ती स्वतः वाचताना हसत होती.

"हे मस्त झालं ना, बाई?" गावात अजून सगळे मला बाई म्हणतात.

मी तिला सगळे सांगितले. जसे इथे लिहिले तसेच, पायांच्या धुळीपर्यंत. सांगायला लागला वेळ थोडाच. इतकी वर्षे जे एवढे मोठे वाटत होते, ते विमानाच्या तीन-चार फेऱ्यांत संपले.

रंजनाने कागद मांडीवर पालथे घातले. खाली पाटाकडे बघत होती. मग म्हणाली, "तरीच. आमच्या घरी म्हनत, पाणकर होता तोवर पाणी पयले आपल्या बांधीत येत होतं. काऊन, थे कोणाले माहीत नवतं."

"मी तो किस्सा काढून टाकायला सांगते त्यांना."

"काढून कायले? लोक बोलाचे थांबतीन का? माझ्या अंगणवाडीतले पोट्टे बोलतेत, त्यायले भागाबाई कोण होती हेबी माहीत नाई." तिचा आवाज एकदम तिच्या आजीसारखा झाला. "तुमी थे फांदी रोवली नसती, त कालेजात गेल्या असत्या का?"

"नाही."

"मंग लिवा तसंच. तुमचं नाव घालून लिवा. तुमच्या बाचंबी." तिने पालथे कागद सुलटे केले, त्या किस्स्यावर पेनाने एक आडवी रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिला. मग पुन्हा हात पुढे करून थांबवले. "पण एक गोष्ट. माझ्या आजीले गरीब-बिचारी नका लिवजा. भोळी नका लिवजा. डोळे फुटले म्हने! अवो, मरेतोवर तिच्या सुईत दोरा तिनंच ओवला. वरच्या बांधीचं पाणी वरच हाय, हे तिले बरोबर दिसत होतं. तुमी मोटरीत बसल्या, थेबी दिसलं असन. तिले सप्पा दिसत होतं, येवढं लिवा."

म्हणून लिहिते. ती फांदी मी रोवली. भागाबाईला सगळे दिसत होते.